काठावरचा ठिपका

गोचीड रक्त पिऊन टम्म फुगला की एरंडीच्या बीसारखा दिसतो. हे साम्य फक्त आपल्याच शेतकऱ्याला सुचलं असं नाही. लॅटिन भाषेत गोचिडाला 'रिसिनस' म्हणत, आणि एरंडाच्या झाडाचं शास्त्रीय नावही 'रिसिनस'च आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या आसपास गुरं राखणाऱ्या माणसालाही एरंडीची बी पाहून गोचीडच आठवला होता. माणसाची आणि या जिवाची ओळख इतकी जुनी. पण गोचीड नुसतं रक्त पीत नाही, पिता पिता रक्तात काही सोडूनही जातो, हे शास्त्राला मान्य व्हायला १८९३ साल उजाडावं लागलं. आणि तो जे सोडतो त्यातली एक वस्तू नेमकी काय आहे हे कळायला त्यापुढं आणखी सत्तर वर्षं गेली. आज त्या एका वस्तूचीच हकिकत सांगायची आहे.

ती वस्तू म्हणजे एक ठिपका. गाईच्या तांबड्या रक्तपेशीच्या अगदी काठावर बसणारा, गोल, गडद जांभळा ठिपका. पेशीच्या रुंदीच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा.

माझी आणि त्याची पहिली भेट १९८४ साली झाली, आणि मला ती ओळखता आली नाही. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना, आरशावर उजेड घ्यायचा जुना सूक्ष्मदर्शक आणि फटफटी, एवढा माझा संसार. भाद्रपदातली गोष्ट. एका वस्तीवर आक्का म्हणून साठीच्या आतबाहेरच्या बाई होत्या. मुलगा मुंबईला, घरी सून आणि नातवंडं. बँकेचं कर्ज काढून घेतलेली संकरित गाय त्यांच्या दावणीला होती. तिसरं वेत, दोन्ही वेळचं मिळून बारा-तेरा लिटर दूध. तिनं दोन दिवस वैरण तोंडात घेतली नव्हती. ताप १०६. पापणी उलटून पाहिली तर आतला भाग पांढराफटक, त्यावर पिवळी झाक. कासेभोवती गोचीड. मी मनाशी ठरवून टाकलं, हे लालमूत. आक्का शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, मूत लाल न्हाई. हळदीच्या पाण्यावानी पिवळं हाय."

मी म्हणालो, "आक्का, उद्या होईल लाल," आणि लालमुताचं पिवळं इंजेक्शन देऊन मोकळा झालो.

कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टी तेवढी केली होती. रात्री लिशमनचा रंग देऊन ती पाहिली. लालमुताचे जंतू पेशीच्या आत जोडीनं बसतात. दोन नासपतींचे देठ एकमेकांना चिकटवावेत तसे दिसतात. तसं काहीच दिसलं नाही. पुष्कळ पेशींच्या कडेला बारीक जांभळे ठिपके मात्र होते. आमच्याकडचं पाणी जड, त्यामुळं रंगाचे कण काचेवर नेहमीच बसायचे. हीही तीच घाण, असं समजून मी दिवा मालवला. चौथ्या दिवशी गाय गेली.

पुढं सहा महिन्यांनी एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं ती काचपट्टी मी आमच्या जुन्या सरांना दाखवली. त्यांनी भिंगाला डोळा लावला, आणि म्हणाले, "अहो, रंगाची घाण पेशीवर पडेल, पेशीबाहेरही पडेल. ती नेमका काठ शोधून कशी बसेल?" मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "एवढं वाईट वाटून घेऊ नका. हा ठिपका थिओबाल्ड स्मिथलाही कळला नव्हता."

हा थिओबाल्ड स्मिथ कोण, ते पाहण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावं लागेल.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं तेव्हा टेक्सासमध्ये गुरं उदंड होती आणि उत्तरेकडच्या शहरांत मांसाला गिऱ्हाईक होतं. हजारो गुरांचे तांडे उत्तरेकडं निघाले. ही गुरं स्वतः धडधाकट असत. पण ती ज्या माळावरून जात, त्या माळावर महिना-सव्वा महिन्यानं उत्तरेकडची गुरं पटापट मरू लागत. ताप, लाल लघवी, मरण. १८६८ साली इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांत अशी हजारो गुरं गेली. या रोगाला 'टेक्सास फीव्हर' असं नाव पडलं. कोडं असं होतं की रोग आणणारं जनावर निरोगी, त्याच्या जवळून गेलेलं जनावरही काही दिवस निरोगी, आणि मग एकाएकी ही मर.

गुरं पाळणाऱ्या लोकांचं म्हणणं साधं होतं. दक्षिणेची गुरं येतात तेव्हा अंगावर गोचीड घेऊन येतात, हे गोचीडच रोग देतात. त्याच वर्षी जॉन गॅमगी नावाचे ब्रिटिश पशुवैद्य या रोगाच्या चौकशीला अमेरिकेत होते. मोठे विद्वान गृहस्थ. गोचिडाची कल्पना त्यांनी हसण्यावारी नेली. त्या काळी कोणत्याही किड्यानं कोणताही ताप पसरतो याला पुरावा नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण प्रयोग करून पाहावा असं वीस वर्षं कुणालाही वाटलं नाही, हेही खरं.

तो प्रयोग १८८९ साली सुरू झाला. अमेरिकेच्या शेती खात्यात १८८४ साली पशुरोगांसाठी एक स्वतंत्र कार्यालय निघालं होतं. डॅनियल सामन हे त्याचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ हा तिशीतला तरुण. शिक्षणानं माणसांचा डॉक्टर, आईवडील जर्मनीतून आलेले, स्वभाव अबोल. (डुकरांच्या आजारात स्मिथनं एक जिवाणू शोधला, त्याला पुढं नाव पडलं 'साल्मोनेला'. शोध हाताखालच्याचा, नाव साहेबांचं. सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.) स्मिथच्या जोडीला फ्रेड किलबोर्न हे पशुवैद्य आणि गोचिडाच्या आयुष्यक्रमाचा अभ्यास केलेले कूपर कर्टिस.

वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगक्षेत्रात किलबोर्ननं कुंपणं घालून वेगवेगळे तुकडे केले. एका तुकड्यात दक्षिणेतून आणलेली गुरं गोचिडांसकट सोडली आणि त्यांच्याबरोबर उत्तरेची गुरं ठेवली. दुसऱ्या तुकड्यात दक्षिणेचीच गुरं, पण त्यांच्या अंगावरचा एकेक गोचीड माणसं बसवून हातानं वेचून काढलेला. त्यांच्याबरोबरही उत्तरेची गुरं. आणखी एका तुकड्यात दक्षिणेचं एकही जनावर नाही, फक्त गवतात गोचीड आणून टाकलेले. पहिल्या तुकड्यात उत्तरेची गुरं आजारी पडली. दुसऱ्यात पडली नाहीत. तिसऱ्यात पडली. गुराख्यांचं म्हणणं खरं ठरलं. चार उन्हाळे हे प्रयोग चालले.

महिना-सव्वा महिन्याचं कोडंही सुटलं. रक्त पिऊन भरलेली गोचिडाची मादी जमिनीवर पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून पिल्लं निघायला काही आठवडे लागतात. ती पिल्लं नव्या जनावरावर चढतात, आणि रोग देतात ती. आईनं प्यायलेला जंतू अंड्यातून पिल्लात उतरलेला असतो. हे सारं १८९३ साली छापून आलं. किड्याच्या चाव्यातून रक्तातला परजीवी पसरतो याचा हा पहिला पक्का पुरावा. आपल्याकडं सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो यानंतर चार वर्षांनी, १८९७ च्या ऑगस्टमध्ये.

आता ठिपक्याकडं येऊ. स्मिथ दिवसाआड म्हटलं तरी चालेल इतक्या नेमानं गुरांच्या रक्तपेशी मोजत असे. कडक उन्हाळ्यात मरणाऱ्या गुरांच्या पेशींत त्याला नासपतीच्या आकाराच्या जोड्या दिसल्या, आणि तोच रोगाचा जंतू हे त्यानं ओळखलं. त्याला आज आपण बबेसिया म्हणतो. पण शरद ऋतूत रोगाचा जोर कमी असे, ताप रेंगाळणारा असे, आणि त्या गुरांच्या रक्तात जोड्या क्वचितच सापडत. त्याऐवजी पेशींच्या काठावर बारीक गोल ठिपके. स्मिथनं ते पाहिले, त्यांचं वर्णन लिहिलं, आणि निष्कर्ष काढला की ही त्याच जंतूची कोवळी अवस्था असावी.

हा निष्कर्ष वेडगळ मुळीच नव्हता. मलेरियाचा जंतू रक्तात रूपं बदलतो हे तोवर माहीत झालं होतं. एकच गाय, एकच ताप, एकच गोचीड, मग जंतू दोन कशाला मानायचे? ते दोन होते. दक्षिणेच्या गुरांत दोन्ही मुरलेले होते आणि ते जोडीनं प्रवास करत होते. एक ओळखला गेला आणि दुसरा त्याच्याच सावलीत बसला.

हा गोंधळ एकट्या स्मिथचा नव्हता. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख १८९७ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गुरांच्या तापाचा अभ्यास करत होते. तिथं त्यांना पेशींत काही फार लहान आकृत्या दिसल्या. त्याही टेक्सास फीव्हरच्याच जंतूची कोवळी रूपं आहेत असं त्यांनी ठरवलं. प्रत्यक्षात तो तिसराच रोग होता. आज आपले शेतकरी ज्याला 'थायलेरिया' म्हणतात, त्याचा आफ्रिकेतला थोरला भाऊ.

या दोन्ही थोरांची चूक दुरुस्त केली एका माणसानं. अर्नोल्ड थायलर. स्वित्झर्लंडमध्ये १८६७ साली जन्मलेला हा पशुवैद्य नशीब काढायला १८९१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये गेला. धंदा काही चालेना, म्हणून एका शेतावर नोकरी धरली आणि तिथं यंत्रात सापडून डावा हात गमावला. एका हाताचा पशुवैद्य, परक्या देशात, खिशात पैसा नाही. पुढं देवीची लस बनवण्याचं काम त्याला मिळालं, १८९६ साली बुळकांडीची मोठी साथ आली तेव्हा त्याच्या कामाला किंमत आली, आणि १९०८ साली प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्ट इथं त्याच्या नेतृत्वाखाली मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

तिथं इंग्लंडहून उंची जातीची गुरं येत आणि आफ्रिकेचे गोचीड लागताच मरत. म्हणून ती आल्याबरोबर त्यांना इथं मुरलेल्या बैलाचं थोडं रक्त टोचायचं, हलका ताप येऊ द्यायचा आणि मग माळावर सोडायचं, अशी पद्धत होती. थायलरच्या लक्षात आलं की या गुरांना ताप एकदा नव्हे, दोनदा येतो. पहिला पंधरवड्याच्या आत. त्या वेळी रक्तात नासपतीच्या जोड्या. तो उतरतो, जनावर खाऊ-पिऊ लागतं. आणि मग कित्येक आठवड्यांनी दुसरा ताप. या वेळी जोडी नाही. काठावरचे ठिपके तेवढे, आणि झपाट्यानं वाढणारा पंडुरोग.

कोवळी अवस्था असती तर ती आधी यायला हवी होती. ही येत होती मागाहून. ज्या जनावराला लालमूत होऊन गेलं आहे, ज्याला ते पुन्हा होत नाही, त्यालाही ठिपक्यांचा ताप येत होता. आणि फक्त ठिपके असलेलं रक्त दुसऱ्या जनावराला टोचलं तर त्याला ठिपकेच येत, जोड्या कधीच येत नसत. थायलरकडं स्मिथपेक्षा चांगला सूक्ष्मदर्शक होता म्हणून हे जमलं असं नाही. दोन तापांच्या तारखा त्यानं वेगळ्या लिहून ठेवल्या होत्या, तिथं सगळं होतं. १९१० साली त्यानं जाहीर केलं की हा वेगळा रोग आणि वेगळा जंतू आहे. नाव दिलं 'अॅनाप्लाझ्मा मार्जिनेल'. मार्जिनेल म्हणजे काठावरचा. अॅनाप्लाझ्मा म्हणजे ज्याला पेशीद्रव्य नाही असा. कारण त्याला नुसता गडद ठिपकाच दिसत होता, भोवती काही नाही. तिथले डच शेतकरी या रोगाला फार पूर्वीपासून 'पित्ताचं दुखणं' म्हणत, कारण मेलेलं जनावर फाडलं की पित्ताशय फुगून दाट, काळपट पित्तानं भरलेलं असे. पुढच्याच वर्षी थायलरला याचा एक सौम्य भाऊबंद सापडला. त्याचा ठिपका पेशीच्या मध्याकडं बसतो. तो टोचला की हलका ताप येतो आणि काठावरच्या भावापासून बऱ्यापैकी रक्षण होतं. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इस्रायल या देशांनी शंभर वर्षांनंतरही हीच जिवंत लस वापरली आहे.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण विद्वानांचं समाधान झालं नाही. अडचण खरी होती. कोणत्याही कारणानं रक्त कमी झालं की शरीर घाईघाईनं नव्या पेशी तयार करून रक्तात ढकलतं. अशा कच्च्या पेशींत केंद्रकाचा तुकडा कधीकधी राहून जातो, आणि रंग दिल्यावर तोही गोल जांभळा ठिपकाच दिसतो. त्याला हॉवेल आणि जॉली या दोन संशोधकांची नावं आहेत. मग अॅनाप्लाझ्माचा ठिपका म्हणजे पंडुरोगाचं कारण की पंडुरोगाचा परिणाम? जंतू आहे की पेशीचाच कचरा? हा वाद पुढं कितीतरी वर्षं चालला. म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या शंकेला चांगल्या घराण्यातली परंपरा होती म्हणायची.

निकाल लावला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं. १९६० च्या सुमाराला इलिनॉय विद्यापीठात मिओद्राग रिस्टिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ठिपका हजारो पटींनी मोठा करून पाहिला. तो एक ठिपका नव्हताच. ती एक इवलीशी पिशवी होती आणि तिच्यात चार, सहा, कधी आठ छोटे गोल जीव दाटीवाटीनं बसले होते. प्रत्येकाला स्वतःचं आवरण. ही एकपेशीय प्राण्याची रचना नव्हे, जिवाणूची. म्हणजे थायलरनं वेगळेपण बरोबर ओळखलं, पण नाव चुकीच्या समजुतीवर दिलं, आणि ती चूक त्या नावात अजून तशीच आहे. १९०५ नव्हे, २००५ साली या जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून झाला. सुमारे बारा लाख अक्षरांचा, म्हणजे जिवाणूंच्या जगातही अगदी आटोपशीर.

जिवाणू की एकपेशीय प्राणी, हा भेद नुसता पुस्तकी नाही. गाय जगणार की नाही ते त्याच्यावर ठरतं. बबेसियावर चालणारं जे पिवळं इंजेक्शन मी आक्कांच्या गाईला दिलं, त्याचा या जिवाणूवर काही उपयोग नाही. याला हवं टेट्रासायक्लिन. या कुळातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली अमेरिकेत बेंजामिन डग्गर यांनी जाहीर केलं. ज्या संशोधन विभागात ते सापडलं त्याचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९५० नंतर हे औषध गुरांच्या या रोगावर वापरात आलं आणि टिकलं. ते माझ्या दवाखान्याच्या कपाटात त्या दिवशीही होतं.

आपल्याकडं या रोगाची चर्चा इतकी उशिरा का सुरू झाली? मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. देशातली पहिली पशुरोग प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यातच निघाली, म्हणजे किलबोर्ननं कुंपणं घातली त्याच वर्षी. ती १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला हलली. पण त्या लोकांपुढं बुळकांडी होती, घोड्यांचा सर्रा होता. आणि खिल्लार, डांगी, देवणी, गीर ही आपली गुरं गोचिडांतच जन्मतात. या जिवाणूची एक चमत्कारिक रीत आहे. वासराला तो फारसं काही करत नाही. सहा महिन्यांच्या आतलं वासरू बहुधा आजारी दिसतही नाही. पण तोच जिवाणू तीन-चार वर्षांच्या गाईला पहिल्यांदा गाठतो तेव्हा जिवावर उठतो. आपली गावठी वासरं लहानपणीच तो पचवून बसतात, आणि रोग आहे हे कुणाला कळतच नाही.

मग १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ' सुरू केली, होल्स्टीन आणि जर्सीच्या रेतनानं दुधाच्या गाई गावोगाव झाल्या, आणि ज्या घरात कधी चहापुरतं दूध नव्हतं तिथून डेअरीत कॅन जाऊ लागले. या बदलाला मी नावं ठेवणार नाही. त्यावर शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. पण ही गाय गोचिडापुढं देशी गाईइतकी तग धरत नाही. बरेचदा ती दुसऱ्या जिल्ह्यातून विकत आणलेली असते, मोठी झाल्यावर नव्या गोठ्यात येते, आणि पहिल्याच पावसाळ्यात नव्या गोचिडांना तोंड देते. इंग्लंडहून आफ्रिकेत उतरलेल्या थायलरच्या गुरांची जी गत, तीच आपल्या बाजारातून आणलेल्या गाभण गाईची.

एक गोष्ट अमेरिकेतली राहिली. तिथं १९०६ साली गोचीड निर्मूलनाची मोहीम निघाली. सोमलाच्या पाण्याचे हौद बांधून लाखो गुरांना त्यातून पोहायला लावलं, आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सरहद्दीचा पट्टा सोडला तर तो गोचीड देशातून गेला. त्याच्याबरोबर लालमूत गेलं. काठावरचा ठिपका मात्र गेला नाही. त्याला वाहून न्यायला दुसऱ्या जातीचे गोचीड होते, गोमाशा होत्या, आणि माणसंही होती. एकच सुई दहा जनावरांना वापरली, शिंगं कापायची करवत किंवा खच्चीकरणाचा चाकू न धुता फिरवला, की रक्ताच्या सूक्ष्म थेंबातून हा जिवाणू पुढच्या जनावरात जातो. लसीकरणाच्या दिवशी गावभर एक सुई फिरवणारे आम्हीही त्या काळी काही कमी गोचीड नव्हतो.

आणि वाहून न्यायला असतं काय, तर बरं झालेलं जनावर. रोगातून वाचलेली गाय हा जिवाणू बहुधा जन्मभर बाळगते. शरीर त्याला ओळखून मारायला लागलं की काही आठवड्यांत तो आपलं बाहेरचं आवरण बदलतो, पुन्हा थोडा वाढतो, पुन्हा मारला जातो. हा खेळ वर्षानुवर्षं चालतो. गाय दूध देते, खाते-पिते. तिच्या हजार पेशींत एखादी पेशी बाधित असेल, कधी कोटीत एक. भिंगाखाली माणूस दोन-चार हजार पेशी पाहून दमतो. त्याला ती कशी सापडणार?

म्हणून पूर्वी अशा गाईचं निदान करायचं तर एका वासराची प्लीहा, म्हणजे पाणथरी, शस्त्रक्रियेनं काढून टाकत आणि त्याला त्या गाईचं रक्त टोचत. प्लीहा ही रक्ताची चाळणी. चाळणीच नसल्यावर थोडेसे जिवाणूही बेफाम वाढत आणि वासरू आजारी पडे. खात्रीची परीक्षा, पण एका गाईसाठी एक वासरू. १९५० नंतर रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या चाचण्या आल्या. पहिली किचकट होती आणि पुष्कळ वाहक गाई तिच्या हातून निसटत. मग पुठ्ठ्याच्या कार्डावर दोन थेंब मिसळून गुठळ्या बघण्याची सोपी तऱ्हा निघाली. १९९० च्या दशकात 'एलायझा' आली, त्याच सुमारास पीसीआर आली, आणि रक्तातला जिवाणूचा डीएनएच पकडता येऊ लागला.

यंत्रं आली म्हणून निदान सोपं झालं असं मात्र समजू नका. एलायझा सांगते की या गाईची आणि या जिवाणूची कधीतरी गाठ पडली आहे. आजचा ताप त्याचाच का, हे ती सांगत नाही. पीसीआरचंही तसंच. वाहक गाईला थायलेरियाचा ताप आला तरी पीसीआर 'अॅनाप्लाझ्मा आहे' असंच म्हणणार, आणि ते खोटं नसणार. निरोगी दिसणारी गाय विकत घेताना या चाचण्यांना मोल आहे. पण जी गाय समोर आडवी झाली आहे तिच्यासाठी आजही काचपट्टीच खरी. ताप चढलेला असताना दहातल्या दोन-तीन पेशींत, कधी निम्म्या पेशींत ठिपके असतात. फक्त वेळ साधावी लागते. उशीर झाला, गाय पांढरी पडली, की बाधित पेशी प्लीहेनं खाऊन टाकलेल्या असतात आणि काचेवर ठिपके विरळ होतात. प्रतिजैविक देऊन झाल्यावर केलेली काचपट्टी तर साफ फसवते. म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी सांगत आलो, आधी काच, मग सुई. रंगाचं पाणी गाळून घ्या, आणि पेशीबाहेरच्या मोकळ्या जागेतही तसेच ठिपके आहेत का ते पाहा.

आणि काचेच्याही आधी गोठ्यातल्या माणसाला विचारा. खांद्यापुढच्या गाठी सुजल्या असतील तर थायलेरियाचा संशय घ्यावा. लघवी लाल असेल तर बबेसिया, कारण तिथं पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. काठावरचा ठिपका असलेल्या पेशी प्लीहेत मोडल्या जातात, त्यांचं पित्त होतं, म्हणून कावीळ होते, शेण घट्ट होतं आणि लघवी गडद पिवळी होते. हळदीच्या पाण्यासारखी.

सरांकडून परत आल्यावर मी आक्कांच्या वस्तीवर गेलो होतो. औषध चुकलं होतं, हे सांगायलाच हवं असं वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्या सांगितलं व्हतं की सायेब, पिवळं हाय म्हणून." त्यात राग नव्हता. सुनेला त्यांनी चहा टाकायला सांगितलं. दावणीला तेव्हा दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. गाईच्या कर्जाचे हप्ते पुढं अडीच वर्षं चालू होते.